पानं ओली असताना

त्या उन्हाळ्यात गुलाबाच्या शेडमध्ये लाल कोळी शिरला आणि सगळ्या कामाची घडी विस्कटली. किडा डोळ्यांना धड दिसतही नाही एवढा, पण पानाच्या पाठीमागे बसून रस ओढायचा आणि चार दिवसांत अख्खा वाफा पिवळा पाडायचा. एरवी आठवड्यातून एकदा औषध मारत, ते आता दर तिसऱ्या दिवशी मारू लागले. फुलं मात्र रोजच तोडावी लागत. कळी एकदा उमलली की तिला गिऱ्हाईक विचारत नाही.

औषध मारायचं काम थोरलीच्या नवऱ्याकडे होतं. फुलं कापायचं काम थोरलीकडे, तिच्या धाकट्या जावेकडे आणि आणखी दहाजणींकडे. दोघी एका घरातल्या सुना, म्हणून शेडमध्येही त्यांना थोरली आणि धाकटी असंच म्हणत. धाकटीचा नवरा ट्रकवर होता, महिन्यातले वीस दिवस बाहेर.

औषध मारल्यावर बारा तास शेडमध्ये कुणी जायचं नाही, असा नियम होता. तो शेडच्या दारावर पत्र्याच्या पाटीवर रंगवला होता, कवटीच्या चित्रासकट. पाटी सुरेख होती. तिच्याखालूनच मुकादम बायकांना आत हाकायचा.

अशात विद्यापीठातून एक बाई आली. डॉक्टर म्हणवायची, पण नाडी बघायची नाही की गोळी द्यायची नाही, नुसती विचारत बसायची. बायकांनी तिचं नाव प्रश्नबाई ठेवलं. सुट्टीच्या दिवशी तिने शाळेच्या ओसरीवर सगळ्यांना बोलावलं आणि छापील फॉर्म वाचून दाखवले. डोकं दुखतं का? होय, नाही. मळमळतं का? होय, नाही. बाराजणींनी प्रत्येक ठिकाणी नाही म्हणून सांगितलं.

"एकीलाही काही होत नाही?" बाईने विचारलं.

कातरी म्हणून एक होती. हातातली कात्री चालायची त्याहून तिची जीभ जोरात चालायची. ती म्हणाली, "होतं म्हटलं तर उद्या फाटकावरून घरी पाठवतील. नाही म्हटलं तर तुम्ही तुमच्या घरी जाल. सोयीचं काय, ते कळतं आम्हाला."

बायका हसल्या. थोरली हसली नाही. "दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडचेच लोक आले होते," ती म्हणाली. "दंडातून रक्त काढून नेलं. माझा दंड आठवडाभर निळा होता. त्या रक्ताचं काय झालं?"

"मला माहीत नाही. तेव्हा मी नव्हते."

"आम्हाला तुम्ही सगळे सारखेच दिसता."

बाईचा चेहरा पडला. तिने फॉर्म गोळा केले, पिशवीत कोंबले आणि म्हणाली, "शोधून काढते."

ती आता कसली येते, असंच सगळ्यांनी धरलं होतं. पण पंधरा दिवसांनी ती आली आणि एक जाड अहवाल घेऊन आली. कपाटात पडून होता, म्हणाली. तिने शेवटचं पान उघडलं आणि जड आवाजात वाचलं, "महिला मजुरांमध्ये स्वच्छतेच्या सवयींबाबत जाणीव कमी असल्याचे आढळले."

"आमचं रक्त नेऊन हे लिहिलं?" कातरी म्हणाली.

"हात धुवायचा नळ कधीपासून कोरडा आहे, ते लिहिलंय का त्यात?" थोरलीने विचारलं.

"नाही."

"आम्हाला आत कधी सोडतात, ते?"

"नाही. ते कुणी विचारलेलंच नाही." बाईने अहवाल मिटला. "माझ्याही फॉर्ममध्ये नाही ते."

त्या दुपारी बाईने आणलेला फॉर्म बाजूला राहिला आणि दुसराच तयार होऊ लागला. पण त्याआधी थोरलीने एक अट घातली. बाराजणींनी हो म्हटल्याशिवाय एकही कागद गावाबाहेर जायचा नाही. एक जरी नाही म्हणाली तरी कागद जागचा हलायचा नाही. बाईने ते लिहिलं, खाली सही केली आणि प्रत थोरलीच्या हातात ठेवली.

मग अडचण आली वेळेची. बायकांचे मोबाइल फाटकावर काढून घेत, शेडमध्ये घड्याळ नाही. आत किती वाजता शिरलो ते सांगणार कसं? बाई विचारात पडली. थोरली म्हणाली, "वेळ कशाला हवी? पान सांगतं की. मनगटाची मागची बाजू पानाला लावायची. ओलं, चिकट की कोरडं, लगेच कळतं." ओल्याला भरलेला गोल, चिकट पानाला अर्धा, कोरड्याला रिकामा. अक्षर न येणाऱ्या चौघींनाही ते जमण्यासारखं होतं.

दुसरी युक्ती सासूची. संध्याकाळी सासू फाटकं शिवायला बसली होती आणि दोन्ही सुना सुईत दोरा ओवायला धडपडत होत्या. सासूने त्यांच्या हातून सुई ओढून घेतली. "साठी उलटली माझी, मी एका फेरीत ओवते. आणि या तरण्याताठ्या बायकांना दहा वेळा जमेना!" दोघी त्या दिवशी ओल्या पानांतूनच आल्या होत्या. थोरलीच्या डोक्यात तिथेच लख्ख प्रकाश पडला. डोकं दुखतं का, असं विचारलं तर कुणी खरं सांगणार नाही. पण रोज संध्याकाळी सुई ओवायची आणि कितव्या खेपेला ओवली तो आकडा मांडायचा, याला कोण नाही म्हणेल? बाईने हे ऐकलं आणि कितीतरी वेळ ती सासूकडेच बघत राहिली. "मी सात वर्षं हेच शिकवतेय," ती म्हणाली, "आणि हे मला सुचलं नसतं."

"तुम्हाला फाटकं शिवावं लागत नसेल," सासू म्हणाली.

वह्या सुरू झाल्या. रोज एक गोल, एक आकडा. ज्या दिवशी गोल भरलेला, त्या दिवशी आकडा पाच, सात, नऊ. ज्या दिवशी रिकामा, त्या दिवशी एक नाहीतर दोन. तिसऱ्या आठवड्यातच, कुणी न सांगता, सगळ्यांना दिसू लागलं.

पण थोरलीच्या घरात आणखीही एक वही होती. फवारणीचं रजिस्टर. ते डाग न पडता भरायचं असे, म्हणून नवरा ते घरी आणायचा. आंघोळ करायचा, कोपरापर्यंत साबण लावून हात तीन-तीनदा धुवायचा आणि दिव्याखाली बसून लिहायचा, 'फवारणी पहाटे चार वाजता.' समोर सही. त्याच दिव्याच्या दुसऱ्या बाजूला थोरली आपल्या वहीत भरलेला गोल काढायची. पहाटे चारला औषध मारलं असतं तर दहा वाजता पान ओलं कसं राहिलं असतं, हे दोघांनाही कळत होतं. दोघं खाली मान घालून लिहायचे.

एकदा त्याने विचारलं, "तू रोज काय लिहितेस गं?"

"फुलांचं. तुम्ही?"

"औषधाचं."

थोरलीने वही उशीखाली सरकवली आणि आपल्याच घरात चोरी केल्यासारखं तिला वाटलं.

धाकटीचा आकडा सगळ्यांत मोठा येऊ लागला होता. अकरा, बारा, एकदा तर तिने सुई तशीच टाकून दिली. थोरलीने तिला मोरीपाशी गाठलं. "काय लपवतेस?"

धाकटीने ओला हात पोटावर ठेवला. "तिसरा चालू आहे. ताई, कुणाला सांगू नका. मुकादमाला कळलं तर उद्यापासून काम बंद."

"अगं, मग त्या शेडमध्ये..."

"घरी बसून काय करू? तुम्ही जाता ना? मीही जाते."

थोरलीने सांगितलं नाही. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला हेच विचारत राहिली, की का नाही सांगितलं.

मोठ्या ऑर्डरचा शनिवार होता. नऊ वाजता औषध मारून झालं आणि दहाला मुकादमाने दार उघडलं. प्लास्टिकच्या छताखाली वाफ कोंडली होती, श्वास घेतला की घशात कडू उतरत होतं. पानांवरून थेंब निथळत होते. थोरलीने मनगट लावलंसुद्धा नाही. चौथ्या वाफ्यापाशी धाकटीची बादली कलंडली. थोरली धावली तेव्हा ती गुडघ्यांवर बसून ओकत होती, डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं, आणि हातातली कात्री तिला सोडता येत नव्हती. बोटंच उघडेनात.

पलीकडच्या शेडमधून थोरलीचा नवरा आला. पाठीवरचा पंप त्याने दारातच भिरकावला, भावजयीला उचललं आणि तसाच फाटकापर्यंत पळाला. मुकादम मागून ओरडत होता, "ऊन लागलंय तिला! सावलीत बसवा, होईल बरी!"

सोमवारी दवाखान्यात धाकटीचं पोट पडलं.

डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, कारण सांगता येत नाही. प्रश्नबाई भेटायला आली तेव्हा थोरली तिच्या अंगावर धावून गेली. "आता लिहा! औषधाने झालं म्हणून लिहा!"

बाईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती म्हणाली, "तसं लिहिता येणार नाही. एकीवरून सिद्ध होत नाही ते. मी लिहिलं, तर त्यांचा माणूस त्या एका ओळीला धरून बाकीचं सगळं खोटं ठरवेल."

"मग तुमचा अभ्यास काय कामाचा?"

खाटेवरून धाकटी बोलली. तिने भिंतीकडची मान वळवली नाही. "नका लिहू. ताईंनी माझ्या वहीत भरलेलं शनिवारचं पानही काढून टाका. ते माझं आहे. ते कुणाला द्यायचं नाही मला."

बाईने तिची वही आणली, ते पान तिच्यासमोर फाडलं आणि तिच्या हातात दिलं.

बुधवारी संध्याकाळी मुकादम घरी आला. पाणी घेतलं, सासूची तब्येत विचारली, धाकटीसाठी हळहळला. मग थोरलीच्या नवऱ्याकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाला, "बायका काहीतरी लिहितात म्हणे. लिहू देत. आपलं रजिस्टर आहे. दर वेळी पहाटे चार, खाली तुझी सही. आता बायकांचं खरं मानायचं, तर तुझी सही खोटी ठरते. औषध कुणी मारलं? तू. वेळ कुणी लिहिली? तू. मालक विचारतील ते तुलाच." उठता उठता त्याने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "मोबाइलवरचे जुने निरोप पुसून टाक. उगीच जागा अडते."

तो गेल्यावर नवऱ्याने थोरलीच्या उशीखालची वही काढली. त्याला जागा माहीत होती. "चाळीस दिवस," तो म्हणाला. "चाळीस दिवस तू माझ्या शेजारी बसून माझ्याविरुद्ध लिहीत होतीस."

"तुमच्याविरुद्ध नाही."

"मग कुणाविरुद्ध? पंप कुणाच्या पाठीवर असतो?"

"आणि तुम्ही काय लिहीत होतात? माझ्या डोळ्यांदेखत पहाटे चार, पहाटे चार! मी आत होते, अहो. मी त्या ओल्यात होते. तुम्हाला माहीत होतं."

तो सासूच्या डब्यातली सुई घेऊन उंबऱ्यात बसला. त्या वहीत काय असतं, ते सगळं त्याला ठाऊक होतं तर. त्याने दोरा चाटला, पीळ दिला, नेमला. चुकला. पुन्हा नेमला. थोरली मोजत होती. सोळाव्या खेपेला तिने मोजणं सोडलं. त्याचा हात असा हलत होता, की दोरा सुईच्या आसपासही जाईना. सहा वर्षं तो पंप पाठीवर घेत होता, आणि बाराजणींत त्याला कुणी धरलंच नव्हतं. बाईने नाही, थोरलीनेही नाही.

"द्या इकडे," ती म्हणाली.

"राहू दे," तो म्हणाला आणि सुई जमिनीवर ठेवायला गेला, तर तीही बोटांतून पडली.

रविवारी ओसरीवर सगळ्या जमल्या. धाकटी आली नव्हती. भिंतीवर मोठा कागद लावला होता, बाराजणींचे गोल आणि आकडे त्यावर एकाखाली एक मांडलेले. बाई म्हणाली, मंगळवारी कामगार कार्यालयात साहेबांची वेळ मिळाली आहे, हे सगळं घेऊन जाऊ.

"माझी ना आहे," थोरली म्हणाली.

कातरी हळूच उठली. "का गं?"

"हे असंच गेलं, तर पहिले आमचे हे अडकतात. मुकादम सुटतो."

"म्हणजे तुझा नवरा वाचावा म्हणून आम्ही तसंच आत शिरायचं? तुझ्या जावेचं काय झालं बघितलंस ना? घरातलीच होती ना ती?"

थोरलीला थोबाडीत बसल्यासारखं झालं. बाई मध्ये पडली, "आपण नावं झाकू शकतो..."

"फवारणारा एकच आहे, बाई," थोरली म्हणाली. "नाव झाकून काय होतंय?"

"मंगळवार गेला तर पुढची वेळ दोन महिन्यांनी मिळेल," बाई म्हणाली. तिचा आवाजही चढला होता. "दोन महिन्यांत काय होईल, याचा विचार केलाय?"

"अट कुणी लिहिली होती? सही कुणाची आहे?"

बाई भिंतीपाशी गेली आणि कागदाच्या वरच्या चिकटपट्ट्या काढू लागली. काढताना तिचे ओठ घट्ट आवळलेले होते. कातरी थुंकली आणि पायरी उतरू लागली.

पायरीवर थोरलीचा नवरा उभा होता. किती वेळ, कुणास ठाऊक. बायकांच्या बैठकीत यायचं म्हणून त्याने धुतलेला सदरा घातला होता. मागे, भिंतीला धरून, धाकटी होती.

"भावोजींना मी आणलं," धाकटी म्हणाली. आवाज बसलेला होता. "त्यांना कुणी विचारलंच नाही."

तो ओसरीवर चढला, पण बसला नाही. बोलायचं ते तो त्या कागदाकडे बघून बोलला. "रजिस्टरमधल्या वेळा खोट्या आहेत. सही माझी आहे. चौथ्या वाफ्यात शनिवारी औषध मी मारलं." त्याने खिशात हात घातला. "कधी मारायचं आणि बायकांना कधी सोडणार, ते मुकादम मोबाइलवर सांगायचा. बोलून पाठवायचा, त्याला लिहायचा कंटाळा. पुसून टाक म्हणाला होता. मी पुसलं नाही." त्याने मोबाइल काढून सतरंजीवर ठेवला. "आधी बोललो असतो तर..."

कातरीने वर येऊन तो मोबाइल दाबला. मुकादमाचा आवाज ओसरीभर पसरला, "नऊला मार, दहाला सोडतो बायकांना. रजिस्टरला चार टाक." कातरीने दुसरा निरोप लावला. मग तिसरा. बायका खाली मान घालून ऐकत होत्या, जणू मुकादम तिथेच उभा होता.

"हे कार्यालयात गेलं तर काम जाईल तुमचं," प्रश्नबाई हळू म्हणाली. "मी ते थांबवू शकणार नाही. आधीच सांगते."

"ठाऊक आहे."

बाईने भिंतीवरच्या कागदाखाली तेरावी ओळ ओढली, फवारणाऱ्याची. मग बाराजणींना एकेकीला विचारलं. थोरलीला सगळ्यांत शेवटी. थोरलीने नवऱ्याकडे बघितलं. तो कागदाकडेच बघत होता.

"हो," ती म्हणाली.

मंगळवारी साहेबांच्या टेबलासमोर बाई उभी राहिली नाही. मागच्या बाकावर बसली. वाचलं थोरलीने, अडखळत, बोटाने ओळ धरून. साहेबांनी विचारलं, हे भरलेले गोल काय आहेत? थोरलीने सांगितलं. साहेब म्हणाले, पानाला हात लावून कसं ठरवणार, काही शास्त्र आहे का त्याला? तेव्हा कातरी म्हणाली, "मग शास्त्राला सांगा की साहेब, दहा वाजता आत येऊन उभं राहायला." साहेब हसले नाहीत, पण त्यांनी कागद परतही दिला नाही. मग मोबाइल लावला.

महिन्याभराने तपासणी झाली. मुकादमाला मालकाच्या दुसऱ्या बागेवर पाठवलं. आता औषध संध्याकाळी, बायका घरी गेल्यावर मारतात आणि सकाळी पान कोरडं असल्याचं दोन बायकांनी बघितल्याशिवाय दार उघडत नाही. नळाला पाणी आलं. थोरलीच्या नवऱ्याला चिठ्ठी मिळाली, रजिस्टरात खोट्या नोंदी केल्याबद्दल कामावरून कमी करण्यात येत आहे. खोट्या नोंदी करायला सांगणाऱ्याचं तीत काही नव्हतं.

त्याने चिठ्ठीची घडी केली आणि फळीवर ठेवली. पुढे दोन बागांवर विचारून आला, पण त्याचं तोंड पोहोचायच्या आधी नाव पोहोचलेलं असे. बायका वाटेत भेटल्या की अदबीने बाजूला व्हायच्या, आणि ते त्याला जास्त लागायचं. घरात तो पाणी भरायचा, आईचं बघायचा. हात अजून हलायचे. थोरली कामावरून यायची तेव्हा तो उंबऱ्यात बसलेला असायचा. रागावून दोघांनाही चालणार नव्हतं, पण राग होता. कधी भांड्याच्या आवाजात, कधी नुसत्या पाठ फिरवण्यात.

प्रश्नबाईने सगळ्याचा एक लेख लिहिला. पाठवायच्या आधी येऊन ओसरीवर मोठ्याने वाचला. एका ठिकाणी 'असहाय महिला' असं होतं. कातरी म्हणाली, "असहाय कोण? खोडा ते." बाईने खोडलं. धाकटीच्या शनिवारच्या जागी एवढंच होतं, की एक सहभागी महिला या दिवसाची माहिती देऊ इच्छित नाही. धाकटीने ती ओळ दोनदा वाचायला लावली आणि मान हलवली.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी तीन अनोळखी बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. पलीकडच्या भाजीच्या बागेवर काम करत होत्या. आम्हालाही ओल्यात सोडतात, म्हणाल्या, ते गोल कसे काढायचे ते दाखवा. त्यांतल्या एकीने कोरी वही पदराखाली धरून आणली होती.

थोरली खूश झाली. ती हात पुसत पुढे झाली आणि वहीसाठी हात पसरणार, तोच चुलीपाशी बसलेली धाकटी म्हणाली, "थांबा ताई." दवाखान्यातून आल्यापासून ती परक्या माणसांशी बोलत नसे. ती उठून दारापर्यंत आली. "तुमच्याकडे औषध कोण मारतं?"

तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. वही धरलेली मधली, सगळ्यांत लहान, खाली बघून म्हणाली, "माझा भाऊ."

"त्याला सांगितलंस का, की तू लिहिणार आहेस?"

"नाही. त्याला कळू द्यायचं नाही, म्हणून तर पदराखालून..."

"मग वही आत्ता उघडू नकोस," धाकटी म्हणाली. "आधी घरी बोल. आमच्याकडे ते सगळ्यांत शेवटी झालं."

थोरलीचा पुढे केलेला हात तसाच राहिला. तिने वळून बघितलं नाही, पण उंबऱ्यातून बाजूला होऊन भिंतीशी उभा राहिलेला माणूस हे ऐकतोय, हे तिला पाठीला कळत होतं.

"तो ऐकणार नाही," मुलगी म्हणाली. "तापट आहे. आणि माझ्याने बोलवणार नाही त्याच्याशी."

थोरलीचा नवरा पुढे आला. त्याने आतून सतरंजी आणली, झटकली आणि दारात अंथरली.

"उद्या त्याला इकडे घेऊन ये," तो मुलीला म्हणाला. "कधीही आण. मी घरीच असतो."